आम्हीच्या जागी आपण

१

चुकू नये म्हणून माणसं जिवाचा आटापिटा करतात. आपल्या या बाईला मात्र चुकायचाच पगार मिळायचा. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मुलांसाठी खेळ असतात ना, हाडं जोडून प्राणी तयार करा, जुनी नाणी ओळखा, तसले, ते शाळांपर्यंत जाण्याआधी तपासून देणारं एक छोटं कार्यालय होतं आणि तिथे ती परीक्षक होती. कुठलाही खेळ हातात आला की पहिल्या फेरीत ती सगळं मुद्दाम चुकीचं करायची. बरोबर उत्तराला टाळ्या वाजवणं कोणालाही जमतं, असं तिचं म्हणणं. पोर चुकलं की खेळ त्याच्याशी कसा वागतो, ते बघायचं. एका खेळात चुकलं की मडकं फुटायचं, आणि असं झकास फुटायचं की पोरं बरोबर उत्तर द्यायलाच तयार होईनात. तो खेळ तिने साभार परत पाठवला होता. कार्यालयात तिचं नाव पडलं होतं चुकेश्वरी. मनातून तिला ते आवडायचं, वरवर तोंड वाकडं करायची एवढंच.

दुसरी खोड भाषेची. खेळात कुठेही ‘आम्ही’ दिसलं की तिच्या कपाळावर आठी. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचं पोर दाराबाहेर, ‘आपण’ म्हटलं की ते घरात आलं, हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही खेळात ‘आम्ही’ शिल्लक राहिलेलं नव्हतं. त्यात तिचं काही चुकत होतं असंही नाही. बाई कामात चोख होती. नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

घरी नवरा आणि आठ वर्षांची पोर. नवरा शहराच्या पाणीपुरवठ्यात, कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. पोरीला घरात सगळे बबडी म्हणायचे. शेवटची तपासणी या बबडीची असायची. आईने पास केलेला खेळ टॅबवर लावून तिच्या हातात द्यायचा आणि ती कुठे जांभई देते ते बघायचं. बहुतेक खेळ तिथेच गारद व्हायचे. ‘आई, तू एवढी मोठी झालीस तरी सगळं चुकीचं का करतेस?’ असं तिने एकदा पाहुण्यांसमोर विचारलं होतं आणि पाहुणे हसून हसून बेजार झाले होते. उशिरा झालेली, एकुलती एक पोर. चुकेश्वरीचा जीव तिच्यात अडकलेला होता, आणि ते ती लपवायचीही नाही.

२

‘कोणाची वस्तू?’ हा खेळ तिच्यापुढे आला तो दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत.

एका संग्रहालयात काचेच्या कपाटात लाकडी बाहुल्यांचं एक जुनं घर ठेवलेलं होतं. त्यावरूनच हा खेळ बेतला होता. पडद्यावर जेवणघर, टेबलाशी ओळीने घरची माणसं बसलेली, सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे. खाली वस्तूंची रांग. कंदील, कोळशाची इस्त्री, लाकडी पेटी, आणि त्यातच मिसळलेला मोबाइलचा चार्जर, प्लॅस्टिकची बाटली असला आजकालचा माल. जी वस्तू त्या घरातली वाटेल ती उचलून आत नेऊन ठेवायची. बरोबर असली तर घरातली माणसं म्हणणार, ‘हे आमचं.’ चूक असली तर, ‘हे आमचं नाही.’ आवाज यंत्राचाच, पण समजूतदार.

चुकेश्वरीने सवयीप्रमाणे चार्जर उचलला. तो अजून घराच्या उंबऱ्यापाशीही पोचला नव्हता, तेवढ्यात आवाज आला, ‘हे आमचं नाही.’

तिने माऊस तसाच दाबून धरला. वस्तू हातातून सोडल्याशिवाय खेळाने तोंड उघडायचं नसतं, पोराला विचार बदलायला वाव हवा. दोष म्हणून तिने ते टिपलं आणि बाटलीकडे वळली. या वेळी तर तिने बाटलीला हातही लावला नव्हता, नुसती बघत होती. ‘हे आमचं नाही.’

भारीच घाई आहे यांना, ती पुटपुटली.

मग तिला तो दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, मधूनच येणारा, चमचा ताटलीला लागल्याचा. घरात जेवताना कोणी कोणाशी बोलत नसलं की तेवढाच आवाज येतो, तसा. तिने हेडफोन काढला. कार्यालयात शांतता, खालचं कँटीन केव्हाच बंद झालेलं. हेडफोन लावला की पुन्हा चमचा.

तिने खेळ बनवणाऱ्या प्रोग्रामरला फोन लावला. तो म्हणाला, मागे कसलाही आवाज घातलेला नाही, तुमचे कान वाजत असतील. ‘आम्ही’ची तक्रार केली तेव्हा मात्र तो चिडला. त्याने मुळात ‘आपण’च लिहिलं होतं. तिच्या आवडीनिवडी त्याला काय नव्या होत्या? पण सकाळी उघडून बघावं तर पुन्हा ‘आम्ही’. बदललं, पुन्हा तेच. शेवटी त्याने समजूत करून घेतली की संग्रहालयातल्या वरिष्ठ बाई बदलत असतील, आणि मोठ्यांच्या तोंडी कशाला लागा म्हणून सोडून दिलं.

पाणी कुठेतरी मुरत होतं. चुकेश्वरीला शंका आली ती माणसांची. खेळाची शंका कोण घेतं?

३

संग्रहालयातल्या वस्तूंची सगळी जबाबदारी एका अभिरक्षक बाईंवर होती. साठीकडे झुकलेल्या, मऊ बोलणाऱ्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी स्वतः तिला ते घर दाखवायला नेलं. कामाचा दिवस, दालनात कोणी नव्हतं. लाकडी जमीन दोघींच्या पावलांखाली कुरकुरत होती.

घर तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघालं. आठ वर्षांचं पोर गुडघे पोटाशी घेऊन आत बसू शकेल एवढं. हा हिशोब आपल्या मनात का आला, हे तिचं तिलाच कळेना. कपाट भिंतीला लागून होतं, त्यामुळे टेबलाशी बसलेल्या बाहुल्यांच्या इथेही पाठीच दिसत. चेहरे कसे आहेत, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, मी आले तेव्हापासून कपाट असंच आहे, मी काही बघितले नाहीत.

चुकेश्वरीला ते पटेना. इतकी वर्षं जिची देखभाल केली ती वस्तू माणूस पुढून बघणार नाही? बाईंना फोन आला म्हणून त्या बाजूला गेल्या, तशी तिने भिंतीला गाल लावून कपाटामागच्या फटीतून डोकावून पाहिलं. फार काही दिसलं नाही. कडेच्या बाहुलीच्या गालाची जराशी कड. तो गाल फुगलेला होता, तोंडात घास असल्यासारखा. आणि तिला वाटलं की तो चावायचा थांबला आहे.

लाकूड ते लाकूड. सुताराने तसाच कोरला असणार. तिने साडीवरची भिंतीची धूळ झटकली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. शब्द तुम्ही बदलता का?

‘मला त्यातलं काही उघडता येत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘पण खरं सांगू? ‘आम्ही’ राहू द्या. मला ते बरं वाटलं. मुलांनी बाहेरूनच बघावं.’

‘का बरं?’

‘कपाटाला काच असते ती काय उगाच?’

चुकेश्वरीने मनात म्हटलं, घ्या. ही बाई ताकास तूर लागू देत नाही आणि आव मात्र साधेपणाचा. खुर्ची बरीच वर्षं धरून ठेवली की माणसाला वाटतं वस्तूही आपल्याच. पोरांना लांब ठेवायचं आणि त्याला जपणूक म्हणायचं. तिला असल्या लोकांचा मनस्वी तिटकारा होता.

पुढच्या बैठकीत तिने प्रोग्रामरला समोर बसवून एकूण एक ‘आम्ही’चं ‘आपण’ करून घेतलं. परीक्षकाने शब्दांना कुलूप घातलं की मग ते कोणालाच बदलता येत नाहीत, अशी कार्यालयाची पद्धत होती. तिने कुलूप घातलं. पडद्यावर एक हिरवी खूण उमटली.

अभिरक्षक बाईही बैठकीला होत्या. त्यांनी पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि तिथून त्यांनी विचारलं, ‘तुमच्या घरी लहान कोणी आहे का?’

‘आहे की. शेवटची परीक्षा तीच घेते,’ चुकेश्वरी अभिमानाने म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेऊन त्या गेल्या.

४

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने टॅब बबडीच्या हातात दिला आणि आपण इस्त्रीला बसली. कान तिकडेच.

‘हे आपलं,’ टॅब म्हणाला. ‘हे आपलं नाही.’ किती गोड वाटतंय ऐकायला, चुकेश्वरीच्या मनात आलं. त्या जुन्या ‘आमचं’मध्ये कशी दारावरची कडी होती.

एरवी बबडी खेळता खेळता बडबड करायची, पाय हलवायची, मधेच पाणी प्यायला उठायची. आज पायसुद्धा हलत नव्हते. कपड्यांचा ढीग संपत आला तरी जांभई नाही. आवडला का गं, असं आईने विचारलं.

‘हळू बोल ना,’ बबडी मान न वळवता म्हणाली. ‘जेवतायत ते.’

चुकेश्वरी हसली आणि उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिली. टेबल, पाठी, खाली वस्तूंची रांग. रांगेत कंदिलाच्या शेजारी एक पिवळा कप होता. कड उडालेली, त्यावर बदकाचं चित्र, बदकाची चोच घासून घासून पुसली गेलेली.

तो बबडीचा दुधाचा कप होता.

तिने स्वयंपाकघरात जाऊन फडताळ उघडलं. कप नव्हता. आता यात घाबरण्यासारखं काय आहे? बबडी शाळेतून आली की शेजारच्या काकूंकडे थांबते, कप तिथे राहिला असेल. आणि चित्राचं म्हणाल तर कार्यालयातल्या तिच्या टेबलावर बबडीचा दूध पितानाचा फोटोच होता. प्रोग्रामर दोनदा येऊन गेलेला. गंमत म्हणून लेकाच्याने फोटोवरून कप काढला असणार. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावून झापलं. तो शपथेवर नाही म्हणत राहिला, आणि जितका शपथा घेत होता तितका तिचा संशय पक्का होत होता. साळसूदपणा करणारी माणसं तिने काय कमी पाहिली होती?

बोलता बोलता तिने स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाहिलं. बबडीने बोटाने कप उचलून टेबलावर नेऊन ठेवला.

‘हे आपलं,’ घरातली माणसं म्हणाली. बबडीही म्हणाली, त्यांच्याबरोबरच, एका दमात, जशी काही तालीम केली होती.

५

त्यानंतरच्या आठवड्यात घरात एक शब्द शिरला. पहिल्यांदा तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

संध्याकाळी आईने विचारलं, दुपारी काय खाल्लंस, तर बबडी म्हणाली, ‘आम्ही जेवलो.’ आम्ही म्हणजे काकू आणि तू का, तर म्हणे नाही. मग कोण? तिने खांदे उडवले. पोरं शाळेत टोळ्या करतात, आम्ही अमुक, आम्ही तमुक. यात काही नवल नव्हतं. पण चुकेश्वरीचं सगळं आयुष्य या एका शब्दावर गेलेलं. तिला तो कानाला टोचत राहिला. या ‘आम्ही’मध्ये कोण कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आपण त्यात नाही हे मात्र स्वच्छ ठाऊक होतं.

एकदा जेवताना बबडीने खुर्ची उचलली आणि उलटी मांडली, आईबाबांकडे पाठ करून. ताट मांडीवर घेतलं.

बाबा म्हणाले, हे काय नवीन?

‘आमच्याकडे असंच बसतात,’ बबडी म्हणाली.

नवऱ्याला हसू आवरेना. ‘अगं बघ, पोरगी आत्ताच सासरी गेली वाटतं. आमच्याकडे असं करत नाहीत, आमच्याकडे तसं करत नाहीत.’

चुकेश्वरीलाही हसू यायला हवं होतं. पण तिचा घास हातातच राहिला. समोर पोरीच्या दोन वेण्या आणि त्यांच्यामधली सरळ पाठ. खोलीत चमच्याचा आवाज येत होता आणि पोर तर हाताने जेवत होती. नवऱ्याच्या ताटात चमचा नव्हताच.

तिने टॅब कपड्यांच्या कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी बबडीने सहज सांगितलं की आज कोळशाची इस्त्री आली. म्हणजे खेळ चालूच होता. तिने नवऱ्याला धारेवर धरलं, तूच गुपचूप देत असशील, तुला तिच्या रडण्याचा कंटाळा. तो म्हणाला, ती रडते कुठे? बघ ना, किती शहाणी झालीय, हट्ट नाही, काही नाही.

खरं होतं ते. हट्ट नव्हता. रात्री कुशीत शिरणं नव्हतं. आईने केसांवरून हात फिरवला तर ती बाजूला व्हायची नाही, फक्त थांबायची, दुसऱ्याच्या घरी कोणीतरी लाड करावेत आणि आपण मुकाट करून घ्यावेत, तशी. चुकेश्वरी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. आपण कशासाठी रडतोय हे सांगायला तिच्याकडे वाक्य नव्हतं. माझी मुलगी एक सर्वनाम वेगळं वापरते, असं कोणाला सांगणार?

६

कार्यालयात तिने तो खेळ पुन्हा उघडला. या खेपेस तिने चूकही केली नाही आणि बरोबरही काही केलं नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली.

टेबलाशी दोन मोठ्या पाठींच्या मध्ये एक लहान पाठ होती.

ती आधीपासून होती का? तिने आठवून पाहिलं. बघायला हवं होतं, तिचं कामच बघण्याचं होतं, पण माणसं किती आहेत याकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. लहान पाठीवर दोन वेण्या. डावी जराशी सैल. त्या सकाळी बस येईल म्हणून घाईघाईत तिने बबडीची डावी वेणी सैलच घातली होती.

प्रोग्रामरवरचा राग आता कामाचा नव्हता, कारण सकाळची वेणी कुठल्या फोटोत येते? तिने अभिरक्षक बाईंना फोन लावला आणि म्हणाली, कृपा करून आत्ताच्या आत्ता जाऊन कपाट बघून या. बाईंनी का म्हणून विचारलं नाही. फोन हातात घेऊनच त्या निघाल्या. लाकडी जमीन कुरकुरल्याचं ऐकू येत होतं. मग कुरकुर थांबली.

‘काही दिसत नाही,’ बाई म्हणाल्या.

‘म्हणजे?’

‘काच आतून धुरकट झालीय. गरम जेवण वाढलं की भांड्याच्या झाकणाला येते तशी वाफ आहे.’

‘एसी बिघडला असेल,’ चुकेश्वरी म्हणाली.

‘असेल,’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. ‘तुम्ही घातलेलं ते कुलूप काढा. शब्द आधी होते तसे करा.’

तिने कुलूप काढलं. प्रोग्रामरला फोनवर म्हणाली, बदल सगळं, ‘आपण’चं ‘आम्ही’ कर, आत्ता, मी थांबलेय. तो म्हणाला, मला काही करावंच लागलं नाही, कुलूप निघालं आणि ते आपलं आपण झालं. तिने चार्जरवर बाण नेला.

‘हे आमचं नाही,’ घरातली माणसं म्हणाली.

तिला इतकं हायसं वाटलं की ती खुर्चीत मागे रेलली आणि डोळे मिटून बसली. परत बाहेर ढकलत होती ती माणसं. ढकलू देत. आयुष्यात पहिल्यांदा तिला तो शब्द गोड लागला. डोळे उघडले तेव्हा ती लहान पाठ तिथेच होती, पण तिने सांगितल्यावर प्रोग्रामर म्हणाला, जुनं चित्र अडकून बसतं कधीकधी, बंद करून उघडलं की जाईल. तिने बंद केलं. उघडून बघायला थांबली नाही. साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी निघाली.

७

नवऱ्याची दुपारपाळी होती, म्हणजे बबडी काकूंकडे. उन्हं अजून जिन्याच्या खिडकीत होती. खालच्या मजल्यावर कोणीतरी फरशी पुसत होतं. काकूंचं दार उघडंच होतं आणि त्या भाजी निवडत बसल्या होत्या.

‘बबडी?’ चुकेश्वरीने दारातूनच विचारलं.

काकूंनी वर पाहिलं. ‘अगं, मघाशीच नाही का नेलंस तिला?’

‘मी?’

‘मग कोण? इथेच तर उभी होतीस, दाराकडे पाठ करून. मी चहा टाकू का म्हटलं तर मान हलवलीस. बबडी आपली चप्पल घालून निघाली तुझ्यामागून.’ काकू हसल्या. ‘झोप नीट घेत जा गं, विसरायला लागलीस.’

चुकेश्वरी वळली. तिच्या घराचं दार समोरच होतं. मनात एकच गोष्ट फिरत होती आणि ती तिला थांबवता येत नव्हती. ‘आपण’ म्हणजे उघडं दार, हे तीच सगळ्यांना शिकवायची. दार उघडं होतं तोवर पोर आत गेली असेल तर बाहेरही येऊ शकत होती. आज दुपारी तिने ते दार लावून घेतलं होतं. आणि लावताना पोर कुठल्या बाजूला आहे, हे तिने बघितलं नव्हतं.

किल्ली फिरली. दार बोटभर उघडलं आणि अडकलं. आतून साखळी लावलेली होती. या घरात दिवसाढवळ्या साखळी कोणी लावत नसे.

‘बबडे,’ तिने फटीतून हाक मारली. ‘बबडे, मी आलेय.’

पावलं वाजली. फटीत बबडीचा चेहरा आला. नीट धुतलेला, केस विंचरलेले, ओठाला दुधाची पांढरी रेघ. एका गालात घास होता. तिने तो शांतपणे चावून गिळला आणि मग आईकडे पाहिलं, मुलं अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, जरा लाजून, पण शिकवल्याप्रमाणे नीट.

‘कोण हवंय तुम्हाला?’ तिने विचारलं.

जन्मापासून बबडीने आईला ‘तू’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

‘बबडे, असं काय करतेस? दार उघड. चल, आपण बाहेर जाऊ, आपण कुठेही जाऊ, तू म्हणशील तिथे.’ तिने फटीतून बोटं आत घातली. ‘आपण दोघी जाऊ.’

पोरीने तो शब्द ऐकला. कपाळाला बारीकशी आठी पडली, एखादी मोठी बाई बोलताना चुकतेय आणि तिला सांगायचं कसं, अशी. मग तिने मान आत वळवून हाक मारली.

‘आई, दारात कोणीतरी बाई आल्यात.’

आत जेवणाच्या खोलीत खुर्ची मागे सरकली. कोणीतरी उठलं. फरशीवरून सावकाश दाराकडे येऊ लागलेल्या पायांत चुकेश्वरीच्याच घरातल्या सपाता होत्या, तेवढं तिला आवाजावरून कळलं.